खाटेवरचा पायलट

आधीच सांगून ठेवतो. ही रात्रीची गोष्ट नाही.

अमावास्या नाही, पिंपळ नाही, पांढरी साडी नाही. ज्यांना त्याशिवाय भीती वाटत नाही, त्यांनी इथूनच माघारी फिरावं.

हे घडलं भर दुपारी. परळी वैजनाथला, मोंढ्यात म्हणजे धान्यबाजारात, आडत दुकानाच्या माडीवर. सत्त्याण्णव साली, मे महिन्यात.

आणि खरंच घडलं.

मी थापा मारतो हे आमच्या पाहुण्यारावळ्यांत सगळ्यांना ठाऊक आहे. मेलेला बैल उभा करून बाजारात विकल्याची गोष्ट मी चारचौघांत तोंड वर करून सांगितलेली आहे. पण ही गोष्ट माझी नाही. माझ्या साडूच्या धाकट्या मुलाची आहे, मल्लिनाथची. आणि मल्लिनाथ साधा माणूस. भाजीत मीठ नाही, एवढं सांगायला त्याला दुसरा दिवस उजाडतो.

त्याने मला हे एकदाच सांगितलं. आवाज चढला नाही, उतरला नाही. रेडिओवर बाजारभाव वाचतात तसं.

मला जास्त भीती त्याचीच वाटली.

मल्लिनाथचा थोरला भाऊ वैजनाथ. घरी आडत. तूर, ज्वारी, करडई. बाप त्रिंबकआप्पा गादीवर बसायचे. मल्लिनाथ त्यांच्या हाताखाली. वैजनाथचं मात्र गादीवर मन लागेना. बाहेर वारा बदलला होता. गावागावात कॉम्प्युटर नावाची वस्तू येत होती. आप्पांच्या मागे लागून लागून त्याने दुकानाच्या माडीवर क्लास काढला.

दोन मशीन. चपला बाहेर काढून आत यायचं. दसऱ्याला दोन्ही मशीनच्या कपाळी विभूतीचे तीन पट्टे.

एका मशीनला सीडी लागायची. त्या मशीनवर सकाळ-संध्याकाळ पोरं शिकायची. आणि दुपारी, मोंढा जेवून आडवा झाला की, दोघे भाऊ माडीवर चढायचे.

गेम खेळायला.

तो गेम वैजनाथने पुण्याहून आणला होता. चार सीडी. वर मार्करने एक ते चार आकडे. आकाशातली लढाई. म्हणजे विमानात आपण बसायचं, समोर काळंकुट्ट आकाश, त्यात चांदण्या, आणि चांदण्यांतून दुश्मन यायचा.

पण खरी गंमत लढाईत नव्हती. दोन लढायांच्या मध्ये सिनेमा लागायचा. खरी माणसं. गावाएवढं मोठं जहाज, त्यात वर्दीतले गोरे पायलट, जाड हनुवटीचा एक कर्नल, इंजिन दुरुस्त करणारी एक बाई. ते बोलायचे, भांडायचे, दारू प्यायचे. मध्येच सिनेमा थांबायचा आणि खाली दोन वाक्यं यायची. त्यातलं एक आपण निवडायचं. जे निवडू तशी पुढची गोष्ट.

आजची पोरं हसतील. पण तेव्हा टीव्ही बोलायचा आणि आपण ऐकायचो. आपण म्हणू तसं वागणारा सिनेमा परळीत कुणी पाहिला नव्हता.

अडचण एकच. सगळं इंग्रजीत.

दोघांनाही ते कळायचं नाही. मग वैजनाथने तोड काढली. सिनेमा लागला की स्पीकर बंद करायचा आणि सगळ्यांचं बोलणं स्वतःच म्हणायचा. आपल्या भाषेत.

कर्नल तोंड उघडायचा, आणि वैजनाथ गरजायचा, “बे पोट्ट्यांनो, हितं झोपायला आलाव का? दुश्मन पार अंबाजोगाईपस्तोर आलाय!”

इंजिनवाली बाई हात पुसत यायची. “विमानात राख बसलीय साहेब. मी तरी काय करू? खिडक्या लावत जावा.”

मल्लिनाथ पोट धरून हसायचा. ओठ एकीकडे, बोलणं दुसरीकडे. कर्नलचं तोंड मिटायचं तरी वैजनाथची शिवी चालूच.

त्या गेमची मूळ गोष्ट काय होती, हे मल्लिनाथला आजही माहीत नाही. त्याला माहीत आहे ती दादाची गोष्ट.

खेळायची रीतही त्यांची ठरलेली. मशीन एक, माणसं दोन. उजवीकडच्या खुर्चीत मल्लिनाथ, त्याच्या हातात जॉयस्टिक. विमान तो वळवणार. डावीकडच्या खुर्चीत दादा, त्याच्यापुढे कीबोर्ड. मिसाईल, वेग, सोबतच्या विमानांना हुकूम, सगळं दादाच्या बोटांवर.

एकट्याला तो गेम जमायचाच नाही.

आता एवढं एक नीट लक्षात घ्या. गेममध्ये नायकाचा एक दोस्त होता. पिवळ्या केसांचा पायलट. अर्ध्या गोष्टीत तो जखमी व्हायचा. मग जहाजाच्या दवाखान्यात पडून राहायचा. खाटेवर, आडवा, डोक्याला पट्टी.

शेवटच्या लढाईआधी नायक त्याला भेटायला जायचा. सिनेमा थांबायचा. दोन वाक्यं यायची.

पहिलं निवडलं तर तो जखमी दोस्त उठून शेवटच्या लढाईला सोबत यायचा. लढाई जिंकायची, पण तो परत यायचा नाही. सीडी देणाऱ्या पुण्याच्या पोरांनी आधीच सांगितलं होतं.

दुसरं निवडलं तर तो खाटेवरच राहायचा. जिवंत. पण मग लढाई हरायची.

वैजनाथ दर वेळी दुसरं दाबायचा.

“आरं दादा, एकदा तर जिंकू!” मल्लिनाथ म्हणायचा.

“पडू दे त्याला. जिता तर हाय. शेवट बघून काय करायचंय?”

हरायचे. हसायचे. आणि पुन्हा पहिल्या सीडीपासून सुरू.

चौथी सीडी त्या मशीनमध्ये कधी गेलीच नाही.

त्या जानेवारीत वैजनाथ गेला.

लातूरहून मोटारसायकलवर येत होता. कुठल्या गाडीने उडवलं ते कळलं नाही. रस्त्याकडेच्या नाल्यात तो रात्रभर पडून राहिला. थंडी अशी की त्या रात्री पाण्याच्या हौदावर हात ठेववत नव्हता. सकाळी एका गुराख्याला दिसला. मग पोलीस, पंचनामा, चिरफाड. घरी आणला तेव्हा दिवस कलला होता.

आमच्यात माणसाला जाळत नाहीत. बसवतात.

मांडी घालून, पाठ ताठ, डाव्या तळहातावर इष्टलिंग. शिवासमोर पूजेला बसावं तसं बसवून मातीच्या स्वाधीन करतात. म्हातारं असो की कोवळं, गेलेला माणूस बसूनच जातो.

वैजनाथला बसवता आलं नाही.

थंडीने अंग लाकूड झालं होतं. म्हाताऱ्यांनी कढत पाण्याच्या धारा धरल्या. तेल चोळलं. गुडघे वाकले नाहीत. एकजण हळूच म्हणाला, जोर लावला तर वाकतील. आप्पांनी हात जोडले.

“नका. त्याला अजून दुखवू नका.”

रुद्रभूमीत खड्डा खोदून तयार होता. बसणाऱ्या माणसाच्या मापाचा. अरुंद आणि खोल. तो लांब करावा लागला. सगळे पुरुष उभे राहिले आणि फावड्यांचा आवाज ऐकत राहिले.

मग वैजनाथला आडवा ठेवला.

जंगम स्वामी म्हणाले, देवाला सगळं चालतं.

देवाला चालत असेल.

माणसं घरी आली. वैजनाथची बायको शिवगंगा भिंतीला टेकून बसली होती. लग्नाला फार दिवस झाले नव्हते. आल्यापासून ती एक शब्द बोलली नव्हती. आता तिने मान वर केली आणि एकच विचारलं.

“नीट बसले का?”

अंगण पुरुषांनी भरलेलं. सगळे आपापल्या पायांकडे बघायला लागले. आप्पांनी तोंडावर उपरणं घेतलं.

मल्लिनाथ म्हणाला, “हो वहिनी.”

त्या ‘हो’नंतर त्याच्या आतलं काहीतरी बंद पडलं. हे त्याचेच शब्द. रडू आलं नाही. भूक लागायची, जेवायचा. झोप यायची, झोपायचा. एकदा तराजूचं वजन पायावर पडलं. नख काळं झालेलं त्याला संध्याकाळी पाय धुताना दिसलं.

माडीला कुलूप लागलं. किल्ली मल्लिनाथच्या करगोट्याला.

मे महिन्यात आप्पा म्हणाले, “अंबाजोगाईचा एकजण मशीन न्यायला सोमवारी येतोय. माडी मोकळी कर. तुरीची पोती टाकू वर.”

“बरं,” मल्लिनाथ म्हणाला.

दुपारी कुलूप काढलं.

परळीत राहणाऱ्याला वीज केंद्राच्या राखेचं नवल नाही. वाऱ्यावर येते आणि बसते. सकाळी पुसलेल्या फळीवर संध्याकाळी बोटाने नाव लिहिता येतं. आणि ही खोली तर जानेवारीपासून बंद. टेबलावर राख. मशीनवरच्या कापडावर राख. पंख्याच्या पात्यांवर राख. मल्लिनाथच्या खुर्चीवर बोटभर थर.

आणि डावीकडच्या खुर्चीवर...

काहीच नाही.

रेक्झिन लख्ख. रोज कुणीतरी उठबस करावं तसं.

मल्लिनाथने बघितलं. आपली खुर्ची झटकली. बसला. मशीन चालतंय का ते बघायला म्हणून गेम लावला.

असं तो म्हणतो.

शेवटी साठवून ठेवलेल्या जागेवरून गेम सुरू झाला. समोर काळं आकाश. दुश्मनाची विमानं. त्याने सवयीने जॉयस्टिक धरली, विमान वळवलं, नेम धरला. आणि मग त्याच्या लक्षात आलं की मिसाईल सोडणारं कुणी नाही.

कीबोर्ड डावीकडे, दादाच्या जागी. जॉयस्टिक सोडल्याशिवाय हात पोचत नव्हता.

दुश्मन जवळ आला...

टक.

मिसाईल सुटली.

मल्लिनाथने मान वळवली. कीबोर्डावरची लांब पट्टी वर येत होती. बोट उचललं की येते, तशी. सावकाश.

“भ्यायला पायजे होतं काका,” तो मला म्हणाला. “पण भ्यालो न्हाई. मला वाटलं, बरं झालं. नेम वाया गेला न्हाई.”

तो खेळत राहिला. टक. टकटक. टक.

वीज परळीतच तयार होते आणि परळीतच जाते, हा आमचा जुना विनोद. त्या आठवड्यात दुपारची वीज एकदाही गेली नाही. हेही सांगून ठेवतो.

लढाई संपली. सिनेमा लागला. कर्नल आला. स्पीकर बंद करायला या वेळी कुणी नव्हतं. इंग्रजी बोलणं सुरू झालं. मल्लिनाथ बघत बसला.

आणि मधेच इंग्रजी तुटलं.

स्पीकरमध्ये खरखर...

मग कर्नल म्हणाला, “बे पोट्ट्यांनो, हितं झोपायला आलाव का?”

दादाचा आवाज.

आवाजाचं काय, सवयीने कानात राहिला असेल असं म्हणता येतं. मल्लिनाथनेही तेच म्हटलं. पण मग त्याने कर्नलच्या तोंडाकडे बघितलं.

ओठ जुळत होते.

‘पोट्ट्यांनो’च्या ‘प’ला त्या गोऱ्या माणसाचे ओठ मिटले. ‘आलाव’ला उघडले. इतकी वर्षं जे कधी जुळलं नाही, ज्यावर दोघे भाऊ हसून लोळले, ते आता काट्यावर काटा बसावा तसं जुळत होतं.

मल्लिनाथ हसला नाही.

नंतर दवाखाना आला. खाटेवर पिवळ्या केसांचा दोस्त. डोक्याला पट्टी. नायक त्याच्या उशाशी उभा. पण दोस्त नायकाकडे बघत नव्हता. त्याने मान वळवली आणि सरळ पडद्याबाहेर बघितलं.

“मल्ल्या.”

पंख्याची घरघर चालू होती.

“मल्ल्या, पाठ धरलीय रे. आडवं पडून पडून.”

मल्लिनाथचा हात जॉयस्टिकवर तसाच.

“गुडघे वाकेनात. उठवून बसव की मला.”

सिनेमा थांबला. खाली दोन वाक्यं आली. मल्लिनाथने हात लांब करून दुसरं दाबलं. दादा दाबायचा तेच. लढाई सुरू झाली, हरली, संपली. त्याने मशीनवर कापड टाकलं, कुलूप लावलं, खाली जाऊन दुपारचा चहा घेतला.

दुसऱ्या दिवशी तो रामकिसनला घेऊन वर आला. रामकिसन म्हणजे वैजनाथचा जिवलग. कशावर विश्वास न ठेवणारा गडी. मल्लिनाथने त्याला काही सांगितलं नाही. फक्त म्हणाला, “ऐक.”

दवाखाना लागला. रामकिसनने ऐकलं.

“इंग्रजीच हाय की बे. काय ऐकू?”

“काई न्हाई. बस.”

रामकिसनने डावीकडची खुर्ची ओढली, टेकला, आणि तसाच उठला.

“ही खुर्ची गरम हाय बे.”

“मे महिना हाय. सगळंच गरम हाय.”

“तसं न्हाई,” रामकिसन म्हणाला. मागून पँट चाचपत. “आत्ताच कुनी उठून गेल्यावानी हाय.”

मग त्याला एकाएकी कुठलं तरी काम आठवलं. जिना उतरताना त्याने चपला हातात घेतल्या होत्या, पायात घालायलासुद्धा थांबला नाही.

रविवार आला. उद्या मशीन जाणार.

मल्लिनाथ वर होता. दवाखान्याचा सिनेमा नुकताच लागला होता. तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. शिवगंगा. हातात ताकाचा गडू. वैजनाथ गेल्यापासून ती माडीवर आली नव्हती. मल्लिनाथ जेवायला खाली आला नाही म्हणून आली.

“भावजी, ताक तरी...”

ती दारातच थांबली.

पडद्यावरचा खाटेवरचा माणूस बोलत होता.

“... पाठ धरलीय रे. किती येळ असा ठिवणार मला?”

शिवगंगाने गडू खाली ठेवला. सांडू न देता.

“ह्यांचा आवाज हाय,” ती म्हणाली.

तिने विचारलं नव्हतं.

“गुडघे वाकेनात,” खाटेवरचा म्हणाला. “उठवून बसव की.”

“भावजी,” शिवगंगा म्हणाली, “कावून म्हंतेत ते असं?”

मल्लिनाथने तिला सांगितलं. थंडीचं, कढत पाण्याचं, गुडघ्यांचं. खड्डा लांब केल्याचं. बोलताना त्याची नजर टेबलावरच्या राखेवर होती. सगळं सांगून व्हायला फार वेळ लागला नाही.

“आन मला हो म्हणलाव.”

“हो.”

“सगळ्यांला म्हाईत होतं?”

“सगळ्यांला.”

शिवगंगा पुढे आली. पदराच्या टोकाने तिने पडदा पुसला. आधी कडेने, मग मधून. पिवळे केस, पट्टी, कपाळ. पुसून झाल्यावरही हात तिथेच राहिला.

सिनेमा थांबला होता. खाली दोन वाक्यं.

“हे काय हाय?”

“वरचं दाबलं की दादा शेवटच्या खेपेला सोबत येतो. खाटेवरनं उठतो. पण मग परत येत न्हाई. पुन्हा बोलायचा न्हाई.”

“आन खालचं?”

“खालचं दाबलं की असाच राहतो.” मल्लिनाथ थांबला. मग म्हणाला, “मी आप्पाला सांगतो, मशीन देऊ नका. ऐकतील ते. तुमी दुपारी वर येत जावा. रोज ऐकू येतंय वहिनी. रोज.”

एवढं सलग तो जानेवारीपासून बोलला नव्हता.

शिवगंगा खाटेकडे बघत राहिली. मोंढ्यात कुठेतरी हमाल घोरत होता, त्याचासुद्धा आवाज वर येत होता.

“आपल्याला आवाज पायजे,” ती म्हणाली, “म्हून त्यांला पाडून ठिवायचं का भावजी?”

मल्लिनाथने जॉयस्टिकवरचा हात काढला.

“दाबा.”

“तुमी दाबा.”

“न्हाई. हो तुमी म्हणलाव. तुमीच दाबा.”

त्याने हात उचलला. बोट जड झालं. ओल्या पोत्यासारखं जड. इतक्या महिन्यांत त्याला स्वतःच्या अंगाची जाणीव झाली ती तेवढीच.

त्याने वरचं वाक्य दाबलं.

खाटेवरचा माणूस उठला.

लढाई लागली. असली लढाई त्यांनी कधी पाहिली नव्हती. दुश्मन चारी बाजूंनी. मल्लिनाथने जॉयस्टिक धरली आणि डावीकडे सुरुवात झाली.

टक. टकटक. टक. टकटकटक...

शिवगंगाने बघितलं. बटणं खाली जात होती, वर येत होती. खुर्ची लख्ख आणि रिकामी. ती किंचाळली नाही, मागे सरली नाही. तिने डोक्यावरून पदर घेतला. चारचौघांत नवरा समोर आला की घेतात तसा.

दोस्ताचं विमान पुढे गेलं. मल्लिनाथने वळवू नये तरी आपलं विमान त्याच्यामागे वळवलं. खूप वळवलं. अंतर कमी झालं नाही. मग दुश्मनाच्या मोठ्या जहाजाच्या पोटात ते छोटं विमान शिरलं आणि पडदा पांढरा झाला.

कीबोर्ड गप्प.

डावीकडची खुर्ची करकरली. मोठा माणूस हात टेकून उठताना करकरते तशी. एकदाच.

मशीनने चौथी सीडी मागितली.

मल्लिनाथने ती काढली. बोटाचा डागसुद्धा नसलेली. ड्राइव्हमध्ये सरकवली.

शेवटचा सिनेमा लागला. मोठा दिवाणखाना. वर्दीतली माणसं खुर्च्यांवर ओळीने बसलेली, बूट जमिनीवर, टोप्या मांडीवर. कर्नल समोर उभा राहून भाषण करत होता. इंग्रजीत. नुसतं इंग्रजी. ओठही इंग्रजीचेच. मल्लिनाथने कान दिला, पण त्यातला एक शब्दही त्याचा नव्हता.

कॅमेरा रांगांवरून सरकत मागे गेला. सगळ्यात मागची रांग...

शिवगंगा पडद्याजवळ सरकली.

इतकी की तिच्या श्वासाचं धुकं काचेवर आलं.

“बसलेत,” ती म्हणाली.

मग मल्लिनाथकडे न बघता म्हणाली, “मांडी घालून बसलेत भावजी. पाठ ताठ हाय. बसलेत ना नीट?”

“हो वहिनी,” मल्लिनाथ म्हणाला.

पडदा काळा झाला.

शिवगंगाने गडू उचलला आणि खाली गेली. थोड्या वेळाने खालून रडण्याचा आवाज आला. वैजनाथ गेल्यापासून पहिल्यांदा. आप्पा धावले, शेजारच्या बाया आल्या. ती रडत राहिली, पोटभर, मोकळी. त्या दिवसानंतर ती जेवायला लागली, बोलायला लागली. पुढे माहेरी उदगीरला जाऊन शिवणाचं काम धरलं. आता बरं चाललंय तिचं.

सोमवारी मशीन गेलं. माडीवर तुरीची पोती आली.

एवढी गोष्ट मल्लिनाथने माझ्या ओट्यावर बसून सांगितली. मी आयुष्यभर दुसऱ्यांना घाबरवलेला माणूस. पण हे ऐकताना माझ्या हातातली सुपारी तशीच राहिली. मी विचारलं, “आरं, मग कसा दिसत होता वैजनाथ? वर्दीत होता का?”

मल्लिनाथने चहा संपवला. बशी पालथी घातली.

“मला म्हाईत न्हाई काका.”

“म्हंजे?”

“मला मागची रांग दिसली. त्यात एक खुर्ची दिसली.”

“आन खुर्चीवर?”

“खुर्चीच दिसली.”

“आरं मग वहिनीला हो कावून म्हणलास?”

तो माझ्याकडे बघत राहिला. डोळ्यांत काही नव्हतं. दुःख नाही, राग नाही. मी कुठल्या गावची वाट विचारावी आणि ती त्याला ठाऊक नसावी, एवढंच. मग उठला, चपला घातल्या आणि सावकाश स्टँडच्या दिशेने चालत गेला.

मी स्वतःला समजावलं. दुःखी बाई होती, तिला दिसलं. भावाला दिसलं नाही. विषय संपला.

पण संपला नाही.

पुढच्या दिवाळीत माझी बायको उदगीरला गेली होती. ती शिवगंगाची मावससासू. दोघी रात्री बोलत बसल्या. शिवगंगाने तिला आपणहून तोच दिवाणखाना सांगितला. तीच रांग. मातीत ठेवताना अंगावर घातलेलं पांढरं धोतर, पाठ ताठ, डावा तळहात मांडीवर उघडा. काही वाढवून सांगितलं नाही. फक्त एक गोष्ट जास्तीची सांगितली.

“मावशी, ते माझ्याकडं एकदा पन बघितले न्हाईत. भावजीकडंच बघत होते. पडदा काळा होईस्तोर. हाक मारावी तसं तोंड हालत होतं त्यांचं... आन भावजी नुसते समोर बघत बसलते.”

मल्लिनाथ अजून परळीत आहे. आडत चालवतो. सणासुदीला माझ्याकडे येतो, समोर बसतो, चहा घेतो.

हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही.